ॲडलेड ते डार्विन, दिवाळीत की मे महिन्यात?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही बोरिवलीला राहतो. मी, मिस्टर, नववीतला मुलगा आणि सासरे (वय ६९). धाकटा दीर ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो, तर त्याच्याकडे जाऊन तिथून गाडीने थेट उत्तर टोकाच्या डार्विनपर्यंत जायचं मनात आहे. दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस मिळतायत. मिस्टर म्हणतात रात्री गाडी चालवली की दिवस वाचतो, त्यांना गावाला जाताना रात्रभर चालवायची सवय आहे. जमेल का?

उत्तर : जा, नक्की जा. पण दिवाळीत नको, सहा दिवसांत नको आणि रात्री तर अजिबातच नको.

आधी अंतर बघा. ॲडलेड ते डार्विन साधारण ३,००० किलोमीटर. पहिलाच टप्पा, ॲडलेड ते कूबर पेडी, म्हणजे जवळपास ८५० किलोमीटर, आपलं मुंबई ते नागपूर म्हणा ना, फक्त मध्ये नाशिक नाही, संभाजीनगर नाही, काहीच नाही. ग्लेंडॅम्बो सोडलं की पुढचे २५० किलोमीटर पेट्रोल मिळत नाही. उलुरू, म्हणजे वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक, बघायचा असेल (आणि इतक्या लांब जाऊन तो कोण सोडेल) तर एर्लडंडाहून आत वळून परत यायचे साधारण ५०० किलोमीटर वेगळेच. सहा दिवसांत हे सगळं केलंत तर सासऱ्यांना खिडकीच्या काचेशिवाय काही दिसणार नाही. किमान बारा दिवस ठेवा, आम्हाला चौदा लागले आणि तेही कमीच वाटले.

आता रात्रीचं. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू रस्त्यावर येतात, गुरंही येतात कारण बऱ्याच ठिकाणी कुंपणच नाहीये. आम्ही मार्ला या थांब्याच्या अलीकडे होतो, पाऊण तास उशीर झालेला, सूर्य बुडालेला, आणि डाव्या बाजूच्या झुडपातून एक कांगारू एकदम समोर. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि त्याच्यात एक हात अंतर होतं, त्याचे कान हलताना दिसत होते. त्यानंतर आम्ही रोज चारला मुक्कामाला पोहोचायचो, संपला विषय. भाड्याच्या गाडीच्या करारात गावाबाहेर अंधारात चालवायला बऱ्याचदा बंदीच असते, म्हणजे काही झालं तर विमाही हातचा जातो, तेव्हा मिस्टरांना करार नीट वाचायला द्या. कच्च्या रस्त्याचंही तसंच.

आणि रोड ट्रेन! एका ट्रकला तीन-चार डबे जोडलेले, लांबी ५३ मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या साडेचार एसट्या एकामागोमाग एक. समोरून गेली की वाऱ्याने आपली गाडी बाजूला ढकलली जाते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं. ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता मैलभर मोकळा दिसल्याशिवाय बाहेर काढायची नाही, घाटातली सवय इथे विसरायची. बाकी तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे ते सोपं जातं. लायसन्ससोबत आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून घ्या.

दिवाळी का नको? कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिथे उन्हाळा सुरू होतो, मधल्या वाळवंटात भाजून निघाल, आणि वर डार्विनला पावसाच्या आधीचा उकाडा असतो, आपल्या ऑक्टोबर हीटसारखा चिकट पण त्याहून जड. मे ते सप्टेंबर कोरडा मोसम. मुलाची मेची सुट्टी त्यासाठी अगदी बरोबर बसते. फक्त वाटेत मधल्या वाळवंटातल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावाला रात्री कडक थंडी असते, जून-जुलैत शून्याच्याही खाली जाते, स्वेटर घ्या, आणि पाचच दिवसांनी डार्विनला तोच स्वेटर बॅगेच्या तळाशी जाईल.

मला या प्रवासात सगळ्यात काय आवडलं सांगू? ॲलिस स्प्रिंग्जच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर मकरवृत्ताची खूण आहे. शाळेत नकाशात बघितलेली ती तुटक रेष ओलांडली की आपण उष्ण कटिबंधात, मुंबईच्याच पट्ट्यात आलो. पण डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही, तीच लाल माती, तेच खुरटं गवत. बदल येतो तो हळूहळू, टेनंट क्रीकनंतर वारुळं वाढायला लागतात, काही तर माणसाहून उंच, मग झाडं जरा जवळजवळ येतात, आणि जवळपास हजार किलोमीटरनंतर मॅटरँकाला आलात की एकदम ताडासारखी झाडं आणि ३४ अंशाचं कोमट, निळसर, तळ दिसेल इतकं नितळ पाणी. गाडीचं दार उघडलं आणि ओल्या पाल्याचा वास आला, कोकणात जुलैत येतो ना तसा. माझी आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आलो गं घराजवळ." विमानाने गेलात तर हे मिळणार नाही, आणि रात्री झोपेत ओलांडलंत तरी नाही.

उलुरूवर चढायला २०१९ पासून बंदी आहे, ती तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांची पवित्र जागा आहे, पायथ्याने दहा किलोमीटरची फेरी मारा, सकाळी लवकर. जिथे फोटो नको अशी पाटी असेल तिथे मोबाइल खिशात ठेवा, देवळाच्या गाभाऱ्यात ठेवतो तसा. आणि मुलाला ॲलिस स्प्रिंग्जचं जुनं तार ऑफिस आवर्जून दाखवा. १८७२ साली ॲडलेड ते डार्विन तार पूर्ण झाली आणि तिथून निघालेला निरोप जावा, सिंगापूर, मद्रास करत आपल्या मुंबईवरूनच लंडनला जायचा!

प्रश्न : सासऱ्यांना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. न्यावं का त्यांना?

उत्तर : डॉक्टर हो म्हणाले तर न्या. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा फ्रिज घ्या, इन्सुलिन डिकीत टाकू नका. ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक, कॅथरीन इथे हॉस्पिटल आहे पण मधल्या शेकडो किलोमीटरमध्ये मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट फोन भाड्याने घ्या. दर दोन तासांनी त्यांना उतरवून थोडं चालायला लावा. पाणी माणशी निदान पाच लिटर, कायम गाडीत.

प्रश्न : घरचं खायला नेता येईल का?

उत्तर : विमानतळावरच्या कार्डवर खाण्याचं जे काही असेल ते सगळं लिहा, लपवलंत तर दंड मोठा आहे. दुधाचे पदार्थ आणि बिया यांच्या बाबतीत ते फार कडक आहेत. त्यापेक्षा ॲडलेडच्याच भारतीय दुकानातून पोहे, रवा, डाळ-तांदूळ घ्या, दिरांकडून छोटा कुकर मागून घ्या. रोडहाऊसवर (हमरस्त्यावरचे पेट्रोल आणि खाण्याचे थांबे) शाकाहारी म्हणजे बहुतेक चिप्स आणि टोस्ट. आणि उत्तरेला कुठलंही पाणी दिसलं की मुलाला उडी मारू देऊ नका, मगरी असतात. पोहायला परवानगीची पाटी असेल तिथेच, आणि ती जागा त्या दिवशी उघडी आहे का बंद, हे आधी बघून.