चौथीला कोडिंग शिकवायचंय? वेगळा तास नको, व्याकरणाचा तास घ्या

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. भाषा, गणित, परिसर अभ्यास अशा सगळ्या विषयांत कोडिंग आणा, असं आम्हाला सांगितलंय. शाळेत एक जुना संगणक आहे, नेट असून नसल्यासारखं. मला स्वतःला कोडिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

'वचन बदला' या धड्यापासून करा. कोडिंग म्हणजे यंत्राला पायरीपायरीने नेमके हुकूम लिहून देणं, ते फळ्यावरही जमतं. संगणकावरचं कापड सध्या काढूसुद्धा नका.

मी सोलापूर शहरातच, पूर्व भागातल्या मराठी शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. त्यामुळे 'कानाला बरं वाटतं ते लिही' हा सल्ला आमच्याकडे चालत नाही. नियम सांगावा लागतो, तोही नेमका. तिथूनच मला ही वाट सापडली.

फळ्यावर चार शब्द लिहा: आंबा, घोडा, रस्ता, डबा. समोर आंबे, घोडे, रस्ते, डबे. नियम काय, असं विचारलं की पोरं लगेच सांगतात, "शेवटी आ असेल तर ए करायचा." तो नियम त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहा आणि एका मुलाला पुढे बोलावून यंत्र करा. यंत्राला मराठी अजिबात येत नाही, फळ्यावर लिहिलंय तेवढंच ते करतं. बाकीच्यांनी शब्द टाकायचे. पंखा टाकला, पंखे निघालं. शाबास. मग कुणीतरी शाळा टाकतं, यंत्र गंभीर चेहऱ्याने 'शाळे' म्हणतं आणि वर्ग हसून लोळतो. "सर, ती शाळा आहे की! तो नाही!" झालं, नियमाला दुसरी अट लागली: शब्दाच्या आधी 'तो' येत असेल आणि शेवटी आ असेल, तरच ए.

आता गंमत बघा. एकजण मामा टाकतो. यंत्र म्हणतं मामे. पोरं पुन्हा डोकं लावतात: नात्याचा शब्द असेल तर तसाच ठेवा. हे वाक्य बहुतेक मुलं सगळ्यात खाली लिहितात. यंत्र वरून वाचत येतं, वरच्याच ओळीला मामाचं मामे करून मोकळं होतं, खालची ओळ वाचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ती ओळ उचलून वर न्यावी लागते. ओळींचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, हे इथे न सांगता कळतं. मग एखादी हुशार पोरगी हळूच भाचा टाकते. नातं तर आहे, पण भाचे होतं. मेहुणा, मेहुणे. मुलगा, मुलगे. नात्याचा नियमही फुटला! शेवटी वर्गच ठरवतो की काका, मामा, दादा, नाना, आजोबा अशी यादी करायची आणि यंत्राने आधी यादी बघायची, यादीत नसेल तरच पुढचा नियम लावायचा.

अटी, त्यांचा क्रम, अपवादांची यादी आणि मुद्दाम वाकडे शब्द टाकून केलेली तपासणी. कोडिंग शिकवा म्हणणाऱ्यांना या वयात जे हवंय, ते एवढंच असतं. आणि पाठ मराठीचाच झाला. दुसऱ्या दिवशी स्त्रीलिंगी शब्द घ्या. वीटचं विटा होतं आणि भिंतचं भिंती, असं का, याला पोरांना बाहेरून दिसेल असा नियम नाही, तिथे यादीच करावी लागते. पण वीटमधला दीर्घ वी विटामध्ये ऱ्हस्व होतो, याला नियम आहे. कुठे नियम चालतो आणि कुठे पाठांतराला पर्याय नाही, हा भेद व्याकरणाच्या पुस्तकातून चौथीच्या मुलापर्यंत क्वचितच पोचतो.

कुठल्याही विषयात कोडिंग घालताना मी एकच बघतो: त्यामुळे तो विषय जास्त नीट कळला का? मांजर पडद्यावर येतं, सातचा पाढा विचारतं, उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतं. असले खेळ पाहुण्यांना दाखवायला छान आहेत. त्यात पाढा होता तिथेच राहतो, मांजर तेवढं नवं. खासगी क्लासवाले 'तुमच्या मुलाने स्वतः ॲप बनवलं' म्हणून प्रमाणपत्र देतात, त्यातही बहुतेकदा हेच मांजर असतं. आणि घाईचं काही कारणही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगच्या कृती माध्यमिकपूर्व टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून पुढे सांगितल्या आहेत. चौथीत विचाराची सवय लागली तरी भरपूर झालं.

दुसरा पाठ सोलापुरातच घ्यावा असा आहे. चादर. तुमच्या वर्गात एखादं तरी घर असेल जिथे कुणी मागावर काम केलंय. आमच्याकडे तर पालकांनाच बोलावता येतं. जकार्ड मागावर नक्षीसाठी पुठ्ठ्याची कार्डं असतात, त्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हुक उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक कार्ड. कार्डं एकमेकांना शिवून त्यांची गोल माळ केलेली असते, शेवटचं कार्ड झालं की पुन्हा पहिलं येतं, म्हणून नक्षीतला मोर पुन्हा पुन्हा येतो. एका पालकांनी जुन्या कार्डांची माळ वर्गात आणली होती. पोरांनी ती खिडकीच्या उजेडासमोर धरून भोकं वाचली. आहे, नाही, नाही, आहे. यंत्राला हुकूम कसा लिहून देतात हे दाखवायला यापेक्षा सोपं काही मला आजवर सापडलेलं नाही.

ज्याच्या नावावरून या मागाला जकार्ड म्हणतात, त्या जॅकार्डने फ्रान्समध्ये हा माग १८०४ च्या सुमारास आणला. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने आपल्या गणकयंत्राला हुकूम द्यायला अशीच भोकांची कार्डं वापरायचं ठरवलं. ते यंत्र पूर्ण झालं नाही, पण त्याच्याविषयी १८४३ मध्ये लिहिताना एडा लव्हलेस या गणित जाणणाऱ्या बाईंनी म्हटलं की जॅकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं. हे पोरांना जरूर सांगा. ज्यांचे आजोबा मागावर होते त्यांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

कृती अशी: चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखायचा आणि दोन रंगांत नक्षी काढायची. मग ती न दाखवता ओळीओळीने सांगायची: पहिली ओळ, तीन पांढरे, चार लाल, तीन पांढरे. शेजाऱ्याने ऐकून भरायची. प्रत्येक ओळीची बेरीज दहा आली पाहिजे, न आल्यास चूक सांगणाऱ्याची. ही तपासणी पोरं स्वतः शोधून काढतात. दुसऱ्या तासाला म्हणा, आता सगळं लिहायचं नाही, कमीत कमी शब्दांत सांगा. मग 'ओळ २ आणि ओळ ९ सारखीच', 'हे पाच वेळा' अशा युक्त्या निघतात. सममिती आणि गुणाकार आपोआप आले. घरी जुन्या पद्धतीची सोलापुरी चादर असेल तर ती उलटून बघायला सांगा. पुढे एक रंग असतो तिथे मागे दुसरा. मागच्या बाजूची नक्षी सांगायची तर नवं काही लिहायचं नाही, एकच हुकूम: लालचा पांढरा, पांढऱ्याचा लाल.

याच वहीवरून बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडकडे जाता येतं. तोही काळ्यापांढऱ्या चौकटींचाच, सगळ्यात लहान २१ बाय २१ चा. आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात पुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता, हेही मुलांना माहीत असावं. मात्र कोड स्कॅन करून व्हिडिओ दाखवणं म्हणजे कोडिंग नव्हे. हे दोन्ही एकच समजणारी माणसं तुम्हाला भेटतील, वाद घालत बसू नका.

परिसर अभ्यासात प्राण्यांचं वर्गीकरण घ्या. नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या जवळ आहे, तिथलेच प्राणी चिठ्ठ्यांवर लिहा: माळढोक, तितर, काळवीट, लांडगा, खोकड, धामण, सरडा. फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारत प्रत्येक चिठ्ठी वेगळी पाडायची. "मोठा आहे का?" हा प्रश्न पहिल्यांदा येणारच. मोठा म्हणजे केवढा, यंत्राला कसं कळणार? प्रश्न बदलतो: पंख आहेत का, पाय आहेत का, शिंगं आहेत का. मग तुम्ही एक चिठ्ठी वाढवा: काळविटाची मादी. तिला सहसा शिंगं नसतात, ती सरळ लांडग्याच्या बाजूला जाऊन पडते. आता प्रश्न खुरांचा करावा लागतो. प्राण्यांची लक्षणं पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

इतिहासात मी हात आखडता घेतो. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, यांचा पाठ मी गोष्टीसारखाच सांगतो. फार तर घटनांच्या चिठ्ठ्या क्रमाने लावून घेतो. त्याचा गेम करायला लावणं मला पटत नाही. कवितेलाही हात लावू नका. सगळ्या विषयांत म्हणजे सगळ्या धड्यांत नव्हे, एवढं वरिष्ठांना सांगायला हरकत नसावी.

आता तुमचा संगणक. स्क्रॅच हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये आणलं, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात, टाइप फार करावं लागत नाही. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. संगणक फारच जुना असेल तर नवी आवृत्ती चढणार नाही, तिथे जुनी १.४ वापरा, आपल्या कामाला ती पुरते. पहिली-दुसरीसाठी टॅबवर चालणारं स्क्रॅच ज्युनियर आहे, त्यात अक्षरंच नाहीत, नुसती चित्रं.

सगळा वर्ग एका संगणकाभोवती गोळा करू नका. आधी शहाबादी फरशीवर किंवा मैदानात चालून घ्या: एक मूल चालणार, दुसरं हुकूम देणार. चार फरश्या पुढे, उजवीकडे वळ, असं चारदा. परिमिती तिथेच मोजून होते. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो नावाची, मुलांनी संगणकाला हुकूम द्यायची भाषा काढली, तिच्या हुकुमांवर चालणारं कासव पुढे याच रीतीने चालायचं. मग दोन-दोन मुलांनी पाळीपाळीने संगणकावर तेच करायचं. एक गोष्ट सांभाळा: स्क्रॅचच्या पडद्याचा मध्य शून्य असतो, डावीकडे आणि खाली ऋण संख्या येतात. त्या चौथीला शिकवलेल्या नसतात, तेव्हा जागेचे आकडे टाळून 'पुढे चाल' आणि 'वळ' या दोन ठोकळ्यांवरच भागवा.

त्रिकोण पाचवीला ठेवा, अंशांत कोन मोजायला आल्यावर. समभुज त्रिकोणाचा कोन ६० चा, म्हणून मुलं वळायला ६० घालतात आणि पडद्यावर उघड्या तोंडाचं काहीतरी येतं. तो अर्धा षटकोन असतो. उत्तर सांगू नका, मैदानात त्रिकोण आखून चालायला लावा. कोपऱ्यावर आपण काटकोनापेक्षाही जास्त वळतो, हे पायांना कळतं, मग १२० सापडतो. तिथून ३६० भागिले बाजू हे वर्गच काढतो. सात बाजूंचा हट्ट कुणीतरी धरतंच: भागाकार ५१, बाकी ३. ५१ घालून काढा, बाजू मोठी घेतली तर शेवटी रेघा जुळत नाहीत, राहिलेली बाकी पडद्यावर दिसते.

स्वतःला येत नाही याची काळजी करू नका. वरच्या पहिल्या तीन पाठांना खडू, चिठ्ठ्या आणि चौकटीची वही पुरते, म्हणजे पहिलं सत्र निभावलं. दिवाळीच्या सुट्टीत स्क्रॅच उतरवून घ्या आणि चौरस-आयत स्वतः काढून बघा. टाचणात 'कोडिंग' असा वेगळा रकाना करू नका. 'वचन बदला: नियम लिहिणे व तपासणे' असं विषयाखालीच लिहा, म्हणजे तासिकाही वाढत नाहीत आणि अभ्यासक्रम मागे पडला असं कुणी म्हणत नाही.