समुद्राजवळच्या घरात पहिल्यांदाच सुट्टी घालवताय?

छान बेत आहे! फक्त सुरुवातीलाच फार आखणी करू नका. नवखी माणसं रोजचा दिवस फिरण्यानं भरून टाकतात आणि दमून परततात. दिवसाला एकच गोष्ट ठरवा, तीही जमली तर.

घर ठरवण्याआधी मालकाला थेट विचारा: किनारा पायी किती मिनिटांवर आहे? ‘समुद्राजवळ’ या शब्दावर विसंबू नका. गॅस, फ्रिज, भांडी काय काय आहे, पिण्याचं पाणी कुठून येतं, तेही विचारून घ्या.

स्वयंपाकाचं म्हणाल तर:
- पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच न्या. पोहोचायला उशीर होतोच, आणि खेड्यातली दुकानं लवकर बंद होऊ शकतात.
- धार असलेली सुरी, मीठ, तेल, काडेपेटी सोबत असू द्या. भाड्याच्या घरातली सुरी बहुतेकदा बोथट असते.
- आठवड्याभराचा किराणा वाहून नेऊ नका. दोन दिवसांचा पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरती-ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त वर चढतं. खडकांवरून लांब चालत जाणाऱ्यांची परतीची वाट अशा वेळी बंद होते, म्हणून वेळापत्रक दारामागेच चिकटवून ठेवा. पोहायचं कुठे, हे मात्र गावकऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

पावसाचा एखादा दिवस येईलच. त्यासाठी एक जाडसं पुस्तक न्या.