अफगाणिस्तानातलं पारंपरिक संगीत आणि शहरातलं रोजचं जगणं एकत्र दाखवणारं चित्रीकरण कोणतं पाहावं?

जॉन बेली यांचं काम पाहा, आणि सुरुवात 'अमीर' (1985) या माहितीपटापासून करा. बेली हे संगीत-मानववंशशास्त्रज्ञ. 1970च्या दशकात ते हेरात शहरात राहिले आणि तिथल्या वादकांकडून दुतार आणि रबाब ही तंतुवाद्यं स्वतः शिकले. त्यामुळे त्यांचा कॅमेरा पाहुण्यासारखा दुरून बघत नाही. नेमका हात कुठे फिरतोय, हे त्याला कळतं. रबाब पाहताना वाद्याकडे नीट लक्ष द्या: तुतीच्या लाकडाचं कोरीव अंग, त्यावर ताणलेलं कातडं, तीन मुख्य तारा आणि बाजूला झंकारणाऱ्या तरफा (साथीच्या तारा). आपल्या सरोदचा हा पूर्वज, म्हणून मराठी कानाला तो लगेच जवळचा वाटतो. हेरातचा दुतार तर दोन तारांवरून चौदा तारांपर्यंत वाढला, आणि हा बदल बेलींनी बारकाईने नोंदवलाय. 2001 नंतरचं काबूल हवं असेल तर 'अ काबूल म्युझिक डायरी' बघा.

फक्त एक ध्यानात ठेवा: 'अमीर' पाकिस्तानातल्या पेशावरमध्ये चित्रित झालाय. त्यात दिसतं ते हेरात सोडून आलेल्या निर्वासित वादकाचं आयुष्य, खुद्द हेरात नव्हे.