शाळेवर नाव असलेल्या ॲलिसबाई कोण?

प्रश्न: नमस्कार ताई, मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते तेव्हा एका शाळेवर ॲलिस फाँग यू असं नाव दिसलं. मुलगी म्हणाली, सरकारी शाळा आहे पण मुलं चिनी भाषेत शिकतात. या बाई कोण आणि शाळेला त्यांचंच नाव का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नमस्कार ताई, बरं झालं विचारलंत, मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

जन्म 1905 चा, कॅलिफोर्नियातल्या वॉशिंग्टन नावाच्या सोन्याच्या खाणींच्या छोट्या गावात. तेव्हा 1882 चा चिनी मजुरांना देशात येऊ न देणारा कायदा चालू होता, तो रद्द झाला थेट 1943 ला, म्हणजे बाईंचं सगळं बालपण आणि तरुणपण त्याच कायद्याखाली गेलं. टीचर व्हायचं म्हणून सॅन फ्रान्सिस्को स्टेट टीचर्स कॉलेजात गेल्या तर तिथले अध्यक्ष फ्रेडरिक बर्क आधी नाहीच म्हणाले, चिनी बाईला नोकरी कोण देणार? यांनी सांगितलं की मी इथे नोकरी मागणारच नाही, चीनला जाऊन आमच्या लोकांना शिकवीन, मग कुठे ॲडमिशन मिळाली.

पण चीनला जायची वेळच आली नाही. चायनाटाउनमधल्या कमोडोर स्टॉकटन शाळेत चिनी पोरं भरलेली आणि त्यांच्या आयांशी बोलू शकेल असं स्टाफमधे कोणीच नाही, त्यामुळे 1926 ला बाईंना घेतलं आणि शहराच्या सरकारी शाळांमधल्या त्या पहिल्या चिनी-अमेरिकन शिक्षिका झाल्या. ही शाळा म्हणजे मूळची चिनी मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा. मेमी टेप नावाच्या चिनी मुलीला सरकारी शाळेत घ्यावं म्हणून तिच्या आईवडिलांनी 1885 ला कोर्टात केस जिंकली, तरी तिला गोऱ्या मुलांच्या शाळेत बसवायला नको म्हणून शहराच्या शाळा बोर्डाने चिनी मुलांची शाळाच वेगळी केली! तर अशा शाळेत बाई शिकवायच्या, दुभाषाचं काम करायच्या, आजारी पोरांकडे बघायच्या, घरच्या अडचणी ऐकायच्या, म्हणजे पगार एका शिक्षिकेचा आणि कामं चार जणींची. आणि मुलांनी शाळेत चिनी बोलायचं नाही असा नियम! बाईंना घेतलं चिनी येतं म्हणून आणि मुलांना तीच भाषा बंद, हे वाचून मला अजून राग येतो.

शाळेबाहेरचं कामही मोठं आहे. चीनमधल्या पूर आणि दुष्काळासाठी पैसे जमवायला 1924 ला सात मुलींनी स्क्वेअर अँड सर्कल क्लब काढला, ॲलिस पहिल्या अध्यक्ष. वागणं चौकोनासारखं सरळ आणि ज्ञान वर्तुळासारखं सर्व बाजूंनी पूर्ण असावं अशी चिनी म्हण आहे त्यावरून हे नाव. पुढे जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा अमेरिकेत येणारं बहुतेक रेशीम जपानचंच होतं, म्हणून रेशमी मोजे घालू नका, सुती घाला अशी मोहीम या बायकांनी चालवली. चायनीज डायजेस्ट नावाच्या इंग्रजी मासिकात बाई सदरही लिहायच्या.

नंतर त्यांनी बोलण्यात अडचण असलेल्या मुलांना मदत करायचं शिक्षण घेतलं आणि रिटायर होईपर्यंत तेच काम केलं. तुम्ही पाहिलेली शाळा 1995 ची, चिनी भाषेत शिकवणारी अमेरिकेतली पहिली सरकारी शाळा. तेव्हा बाई हयात होत्या, 2000 साली गेल्या. ज्या शहराच्या शाळेत चिनी बोलायला बंदी होती तिथेच चिनीतून शिकवणारी शाळा निघाली, मग तिला दुसरं कोणाचं नाव देणार, सांगा.

पुन्हा गेलात तर चायनाटाउनमधे क्ले स्ट्रीटवर बाईंची जुनी शाळाही बघून या, आता तिचं नाव गॉर्डन जे. लाउ शाळा आहे.