पहिली एसीएल लावताना

भावा, एसीएल म्हणजे स्विचनं कुठला ट्रॅफिक सोडायचा, कुठला अडवायचा याची यादी. ती वरून खाली वाचली जाते. पहिली जुळलेली ओळ लागू, पुढचं स्विच बघतही नाही. आणि शेवटी न दिसणारा 'सगळं नाकार' असतोच. परवानगीची ओळ विसरलास की अख्खं व्हीलॅन (स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) गार.

नवखे हमखास इथं चुकतात:
– सबनेट मास्क टाकतात. सिस्कोच्या आयओएसमध्ये (स्विचची सिस्टिम) वाइल्डकार्ड, म्हणजे उलटा मास्क लागतो, /२४ ला ०.०.०.२५५.
– इन-आउटचा घोळ. व्हीलॅन इंटरफेसवर 'इन' म्हणजे त्या व्हीलॅनमधल्या मशिनींकडून येणारं.

विट्यातल्या एका ऑफिसचा स्विच सांगलीत बसून बदलताना मी स्वतःचंच एसएसएच (लांबून स्विचमध्ये शिरायची जोडणी) तोडलं. एसटीनं जावं लागलं, शिव्या वेगळ्याच! तेव्हापासून आधी 'रीलोड इन १०' (दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुनी सेव्ह केलेली सेटिंग परत येते), मग एसीएल. नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल', त्यानंतरच सेव्ह.

पोर्टवरच्या एसीएल, टाइम-रेंज वगैरे सध्या राहू दे.