एकाच फाइलमध्ये चौघं, आणि एकाचं काम दुसऱ्याकडून पुसलं जातं

तुमची अडचण अशी: वेगवेगळ्या शहरांतले चार डिझायनर फिग्मात (अनेकांनी मिळून स्क्रीन डिझाइन करायचं ऑनलाइन टूल) एकाच फाइलवर एकाच वेळी काम करतात, एकाने केलेलं दुसऱ्याकडून पुसलं जातं, मग टूल बदलावं का? माझं उत्तर नाही. आधी टूल काय सांभाळतं आणि काय सांभाळत नाही, ते बघा.

फिग्माच्या लेखी प्रत्येक आयत, प्रत्येक मजकूर ही स्वतंत्र वस्तू. रंग, जागा, रुंदी हे तिचे वेगवेगळे गुणधर्म. तुम्ही बटणाचा रंग बदललात आणि त्याच क्षणी सहकाऱ्याने ते बटण सरकवलं, तर दोन्ही बदल टिकतात. दोघांनी रंगच बदलला, तर सर्व्हरवर शेवटी पोचलेला रंग राहतो. मजकुराचं मात्र नीट ऐका. गूगल डॉक्स दोघांची अक्षरं एकमेकांत जुळवून घेतं. फिग्माने 2019 मध्ये आपली पद्धत उलगडून सांगितली, तेव्हा अख्खा मजकूर हा एकच गुणधर्म होता. म्हणजे एका मथळ्यावर दोघं टाइप करत असतील तर एकाचंच वाक्य उरणार. म्हणून मजकुराला एकच धनी ठेवा, बाकीच्यांनी कमेंट टाकावी.

खरं सांगायचं तर एकत्र बसून पिक्सेल सरकवण्यात फारसा अर्थ नसतो. एकत्र वेळ लागतो तो ठरवायला. कॉलच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपापल्या फ्रेममध्ये (कॅनव्हासवरच्या वेगळ्या चौकटीत) मुकाट्याने पर्याय मांडावेत, मग बोलावं. नाहीतर जो पहिला बोलतो त्याचंच डिझाइन होतं. चर्चेत सगळ्यांनी बोलणाऱ्याच्या अवतारावर (वर दिसणाऱ्या त्याच्या गोल चित्रावर) क्लिक करावं, म्हणजे तो बघतोय तेच सगळ्यांना दिसतं आणि ‘कुठला फ्रेम?’ हा प्रश्न संपतो. (माइक चालू ठेवा. नुसत्या कर्सरवरून कोणाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.)

सत्राआधी व्हर्जन हिस्ट्रीत (फाइलच्या जुन्या आवृत्त्यांच्या यादीत) नाव देऊन एक नोंद करून ठेवा. कारण अनडू फक्त स्वतःचे बदल मागे घेतं, दुसऱ्याचे नाही.

तुमचे मूळ कंपोनंट (बटणासारखे पुन्हा पुन्हा वापरायचे भाग, ज्यांच्या प्रती डिझाइनभर असतात) त्याच फाइलमध्ये आहेत का? असतील तर निम्मा गोंधळ तिथूनच येत असणार, कारण मूळ कंपोनंटला हात लागला की त्याच्या सगळ्या प्रती तत्क्षणी बदलतात. ते वेगळ्या लायब्ररी फाइलमध्ये हलवा. मग बदल प्रकाशित केल्यावरच इतर फाइलींना त्याची सूचना जाते आणि तो घ्यायचा की नाही हे तिथला माणूस ठरवतो. ब्रँचची सोय (फाइलची वेगळी प्रत काढून त्यात काम करायचं आणि नंतर मूळ फाइलमध्ये मिसळायचं) वरच्या प्लॅनमध्येच असते; लायब्ररीने भागत असेल तर तेवढ्यासाठी पैसे मोजू नका.