छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न – मिररलेस घ्यावा की खिशातला?

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त शिक्षक असून गेली काही वर्षे सह्याद्रीतील किल्ले आणि लेणी पाहत हिंडतो. भाजे, कार्ले, बेडसे आणि जुन्नरची तुळजा लेणी येथील कोरीवकामाची छायाचित्रे मोबाइलवर घेतली, परंतु आतल्या अंधारात ती चोपडल्यासारखी येतात. आता एक चांगला कॅमेरा घ्यावा असे ठरले आहे. दुकानदार मिररलेसचा आग्रह धरतो, तर भाच्याचे म्हणणे असे की खिशात मावणारा अल्ट्राकॉम्पॅक्टच घ्या, मोठा कॅमेरा तुमच्याकडून घरीच राहील. वेगळ्या लेन्स विकत घेण्याचा आमचा विचार नाही; कॅमेऱ्याबरोबर जी येईल तीच वापरू. दोन्हींतील फरक सांगून सल्ला द्यावा.
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण निर्णय त्याच वाक्यावर ठरणार आहे. ते कसे, हे सांगण्याआधी दोन्ही प्रकारांविषयी थोडे लिहितो.

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा बसवलेला असे. तो प्रकाश वर वळवून डोळ्यापर्यंत पोहोचवी आणि बटण दाबताच उचलला जाई. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला आहे. सेन्सरवर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) पडणारे चित्र थेट पडद्यावर किंवा दर्शिकेतील (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतील) लहानशा पडद्यावर दिसते, आणि आरशाची जागा वाचल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ येते. निकॉनच्या जुन्या रचनेत हे अंतर ४६.५ मि.मी. होते, नव्या झेड मालिकेत ते १६ मि.मी. आहे. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ बाजारात आला, तेव्हापासून हा प्रकार रुळत गेला. त्याचा प्राण मात्र आरसा नसणे हा नाही. तसा आरसा खिशातल्या कॅमेऱ्यातही कधी नव्हता. मोठा सेन्सर आणि बदलता येणारी लेन्स, या दोन गोष्टींसाठी आपण मिररलेसचे पैसे मोजतो.

खिशातल्या कॅमेऱ्यांत दोन जाती आहेत आणि दुकानात त्या सर्रास एकाच नावाखाली दाखवल्या जातात, म्हणून येथे सावध राहावे. पहिली जात खऱ्या अर्थाने अल्ट्राकॉम्पॅक्ट. उदाहरणार्थ, कॅननचा आयक्सस २८५ एचएस. वजन १४७ ग्रॅम, जाडी जेमतेम २३ मि.मी., आणि सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मि.मी., म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. हल्लीच्या बऱ्याच चांगल्या मोबाइलमधील मुख्य सेन्सर याहून मोठा असतो, त्यामुळे मोबाइलवर नाराज होऊन हा कॅमेरा घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. या जातीचा बाजार मोबाइलनेच संपवला : जपानी कंपन्यांनी २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही खाली आला, आणि या घसरणीचा सर्वांत मोठा वाटा स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यांचा होता.

दुसरी जात थोडी जाड आणि बरीच महाग असते. सोनीने २०१२ साली आरएक्स१०० काढून तिला वळण लावले. या कॅमेऱ्यांत ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा १३.२ × ८.८ मि.मी.चा सेन्सर असतो. (त्यात इंचभर लांबीचे काहीच नसते, जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांच्या बाहेरील व्यासावरून ही मापे पडली, नळ्या गेल्या आणि नावे तशीच राहिली.) आपण विचार करायचा तो या जातीचा.

आता प्रत्यक्ष दोन कॅमेरे समोर ठेवू. एक कॅननचा मिररलेस ईओएस आर५० आणि त्याच्याबरोबर मिळणारी १८–४५ मि.मी.ची लेन्स, दुसरा त्याच कंपनीचा खिशातला पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३. आर५०च्या सेन्सरचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या जवळजवळ पावणेतीनपट आहे, आणि दुकानदार बोट ठेवतो ते इथेच. परंतु सेन्सर कितीही मोठा असला तरी त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचवण्याचे काम लेन्सचे असते. सोबतची लेन्स स्वस्त आणि हलकी ठेवायची म्हणून तिचे छिद्र लहान ठेवलेले असते : सर्वांत रुंद टोकाला (झूम न करता) एफ ४.५, लांब टोकाला (पूर्ण झूमवर) एफ ६.३. जी७ एक्सचे आकडे आहेत एफ १.८ आणि एफ २.८, आणि हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे. लेण्यात आपण एक अष्टमांश सेकंदाला आर५०ने छायाचित्र घेतले आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; हा आकडा जितका चढवावा तितके चित्र खराब होते) ३२०० लागला असे धरले, तर तेच छायाचित्र जी७ एक्सवर आयएसओ ५००च्या आसपास निघेल. सेन्सरच्या आकाराची वजाबाकी करूनही खिशातला कॅमेरा रुंद टोकाला सुमारे दुप्पट प्रकाश गोळा करतो. आकाराने अर्धा असलेला कॅमेरा अंधारात पुढे जातो हे दुकानात पटत नाही, पण गणित असे आहे.

हेच गणित आयक्ससला लावले तर मात्र तो आर५०च्या सोबतच्या लेन्सच्याही साधारण साडेसातपट मागे पडतो. म्हणूनच जातीचा घोळ होऊ देऊ नये.

लेण्यांत दुसरी अडचण जागेची असते. कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. त्याचे लाकडी फासळ्यांचे छत, दोन्हीकडचे स्तंभ आणि टोकाचा स्तूप हे सारे एका चौकटीत घ्यायचे तर लेन्स जितकी रुंद पाहील तितके बरे. पस्तीस मि.मी. फिल्मच्या हिशेबात बोलायचे तर (येथे आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद) जी७ एक्स २४ मि.मी.पासून सुरू होतो आणि आर५०ची सोबतची लेन्स जवळपास २९ मि.मी.पासून. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. प्रवेशद्वारातून मागे सरकायला जागा उरली नाही की तो कळतो. हाताची थरथर सावरण्याची सोय दोन्हींत आहे, आणि ती आपल्याला लागणारच, कारण अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते.

मग मिररलेसची बाजू कोठे वरचढ ठरते? ती दुसरी लेन्स लावल्याक्षणी. त्याच आर५०वर ५० मि.मी. एफ १.८ ही १६० ग्रॅमची साधी लेन्स चढवली की लांब टोकाच्या जी७ एक्सच्या सुमारे सातपट प्रकाश आत येतो, आणि भाज्याच्या विहारातील सूर्य व इंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पांचे बारकावे वेगळेच उमटतात. १०–१८ मि.मी.ची रुंद लेन्स अवघी १५० ग्रॅमची आहे. ती लावली की कार्ल्याचा चैत्यही चौकटीत सहज मावतो. या दोन लेन्स घेण्याची तयारी असती तर आम्ही दुकानदाराच्या बाजूने उभे राहिलो असतो. आपली तयारी नाही, तेव्हा मिररलेसचे मोठे अंग घेऊन त्याचे डोळे अर्धवट मिटून ठेवण्यात अर्थ नाही. जी७ एक्स मार्क ३ किंवा त्याच्या तोडीचा एक इंची सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. तो बॅटरीसह ३०४ ग्रॅमचा आहे. आर५० सोबतच्या लेन्ससह ५०० ग्रॅमच्या घरात जातो आणि गळ्यातच वागवावा लागतो.

एक उणीव मात्र आधीच सांगून ठेवतो. जी७ एक्सला दर्शिका नाही. भर दुपारी माचीवर उभे राहून पडद्यावर काही पाहायचे म्हटले की स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. हे खटकत असेल तर आरएक्स१०० मार्क ७मध्ये वर उचलता येणारी छोटी दर्शिका आहे आणि झूमही २४ ते २०० मि.मी.पर्यंत जातो; त्याची लेन्स एफ २.८पासून सुरू होत असल्यामुळे अंधारात तो आर५०च्या सोबतच्या लेन्सची जवळपास बरोबरी करतो, पुढे जात नाही. लेणी अधिक की उघडे किल्ले अधिक, हे आपण ठरवावे. आमचा कौल लेण्यांमुळे पहिल्याला आहे. दोन्हींच्या बॅटऱ्या दोन-अडीचशे छायाचित्रांत दमतात, तेव्हा एक जादा बॅटरी बरोबरच घ्यावी.

प्रश्न : भिगवणला रोहित पाहायला दर हिवाळ्यात जातो. तीसपट झूम असलेला खिशातला कॅमेरा ७२० मि.मी.पर्यंत जातो, आणि मिररलेसला तेवढी लेन्स घ्यायची तर ती हातभर लांब असते. मग लोक मिररलेस का घेतात?
– एक वाचक, बारामती

उत्तर : कारण ७२० हा आकडा चौकट किती अरुंद झाली एवढेच सांगतो, प्रकाश किती आला हे सांगत नाही. सोनीच्या एचएक्स९९ या २४२ ग्रॅमच्या कॅमेऱ्याचे उदाहरण घ्या. पूर्ण झूमवर त्याची लेन्स प्रत्यक्षात ११८ मि.मी. असते आणि छिद्राचा आकडा एफ ६.४, म्हणजे प्रकाश आत येण्याचा दरवाजा सुमारे १८ मि.मी. व्यासाचा. मिररलेसवरील १००–४०० मि.मी. एफ ५.६–८ ही तुलनेने स्वस्त लेन्स घेतली तरी लांब टोकाला हा दरवाजा ५० मि.मी.चा होतो, आणि क्षेत्रफळाने सातपटींहून मोठा. ती लेन्स ६३५ ग्रॅमची आहे. हातभर लांब ती मुळीच नाही.

त्यात भर म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. एफ ६.४ला एका बिंदूचा ठिपका साधारण आठ-नऊ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) होतो, तर त्या चिमुकल्या सेन्सरवरील एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनच्या आसपास असतो. एक ठिपका अनेक पिक्सेलांवर सांडतो आणि खोक्यावर छापलेले मेगापिक्सेल प्रत्यक्षात पदरात पडत नाहीत. उथळ पाण्यात उभ्या असलेल्या रोहितांची नोंद ठेवायला, पायातले कडे वाचायला, लांबच्या पक्ष्याची ओळख पटवायला खिशातला कॅमेरा पुरतो आणि नावेत तो सोयीचाही आहे. थवा उडाला की मात्र तो मागे राहतो : फोकस पक्ष्यावरून पाण्यावर घसरतो, आणि सकाळच्या धुक्यात शटर पुरेसे वेगाने चालवायला प्रकाश उरत नाही. आपल्याला उडते पक्षी हवे असतील तर मिररलेसला पर्याय नाही, आणि येथे तर सोबतच्या लेन्सचा विचारही करू नये.

प्रश्न : महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला २००५च्या सुमाराचा जुना खिशातला कॅमेरा हवा आहे, त्याचे रंग वेगळे असतात असे ती म्हणते. मी मिररलेस घेऊन द्यायला तयार आहे. तिचे ऐकावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ऐकावे, खर्चही वाचेल. त्या छायाचित्रांचा जो तोंडवळा तिला आवडतो, तो मुख्यतः लहान सेन्सर, चेहऱ्यावर समोरून पडणारा फ्लॅश आणि त्या काळच्या कॅमेऱ्यांतील रंगप्रक्रिया यांतून येतो. मिररलेसवर फ्लॅश लावून बराचसा जवळ जाता येते, पण मैत्रिणींच्या घोळक्यात तो कॅमेरा कोणी पर्समधून काढत नाही.

जुना घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. बॅटरी अजून मिळते का, आणि कार्ड कोणते लागते. २००६च्या आधीचे बहुतेक कॅमेरे दोन जीबीपर्यंतचीच एसडी कार्डे ओळखतात, आणि ऑलिंपस व फुजीफिल्मच्या काही कॅमेऱ्यांना एक्सडी नावाचे कार्ड लागते, जे आता नवे बनत नाही. कार्डाशिवाय स्वस्तात मिळालेला कॅमेरा म्हणूनच स्वस्त असतो.

प्रश्न : कोकणात राहतो. पावसाळ्यात कोणता कॅमेरा अधिक टिकेल?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : वर आलेल्या कॅमेऱ्यांपैकी एकही पावसात भिजवण्यासाठी बनवलेला नाही. दमट हवेत बुरशी दोन्हींच्या भिंगांवर धरते, परंतु परिणाम वेगळा असतो. मिररलेसची लेन्स काढून दुरुस्तीला देता येते आणि कॅमेरा दुसऱ्या लेन्सवर चालू राहतो. मात्र ती बदलताना सेन्सरवर धूळ बसू शकते, म्हणून कॅमेऱ्याचे तोंड खाली करून आडोशालाच बदलावी. खिशातल्या कॅमेऱ्याची नळी दर वेळी बाहेर येताना आणि आत जाताना हवा ओढून घेते, तिच्याबरोबर धूळही शिरते, आणि आतला डाग काढायचा तर सगळा कॅमेरा उघडावा लागतो. पुष्कळदा ते काम खर्चाच्या मानाने परवडत नाही.

जून ते सप्टेंबर दोन्ही कॅमेरे कपाटात, कापडी पिशवीत किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावेत, पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापराव्यात, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार छायाचित्रे घ्यावीत.